रोटर थंड होईपर्यंत

उलबोसिन माझं नाव. अर्थ: मुलगा होवो.
चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने नशिबाला घातलेली हाक.
मुलगा काही झाला नाही.
झालं ते तिसरं युनिट, सत्त्याहत्तरच्या त्याच हिवाळ्यात,
आणि कालमुरात बॉयलरवाला चहाखान्यात सांगत सुटला
की यंदा मला जुळ्या झाल्या.

कोकदार्याचं वीज केंद्र नदीकाठी आहे
असं कागदावर आहे.
मी शाळेत होते तेव्हा नदी पंपांच्या पायाशी होती,
लग्न झालं तेव्हा चारशे मीटरवर,
आता दर दोन वर्षांनी नळाला नळ जोडत
तिच्या मागे जावं लागतं,
माहेरी गेलेल्या सुनेची समजूत काढायला जावं तसं.
वाफेला गार करायला पाणी हवंच,
आग कितीही निळी असली तरी.

आधी कोळसा यायचा, होड्यांतून.
(होड्या! माझ्या मुलांना हे खोटं वाटतं.)
मग दक्षिणेकडून वाळवंटाखालून गॅस आला,
ना रंग, ना वास, ना पाठीवर पोतं.
बापाने मला उचलून भट्टीच्या डोळ्याला लावलं,
निळ्या काचेतून दाखवली ज्योत.
म्हणाला, ही बोलत नाही म्हणून गरीब समजू नकोस.
आधी पंखे लावून भट्टीचं पोट झाडून घ्यायचं,
पाच मिनिटं, घड्याळ बघून,
मगच ठिणगी.
उलटं केलंस तर छप्पर शोधत गावभर फिरशील.

उत्तरेचा वारा सुटला की मीठ येतं,
समुद्र होता तिथलं.
चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर बसतं,
पहाटेचं दव पडलं की तारा चरचरतात, जांभळ्या होतात,
आणि बिबिजामाल शिव्या घालत पाण्याचा पाइप ओढते.
समुद्र कधी पाहिला नाही आम्ही दोघींनी.
धुतला मात्र पुष्कळदा.

आता माझ्यासमोर सात पडदे.
नवी गॅस टर्बाइनं पंचवीस मिनिटांत भार घेतात,
त्यांच्या धुराच्या उष्णतेवर मागे पुन्हा वाफ होते,
एकाच आगीकडून दोन पाळ्यांचं काम.
तिसऱ्या युनिटला नुसतं गरम व्हायला रात्र लागायची,
आणि फर्नेसमनला तीन थर्मास.

नवरोजनंतर हुकूम आला. कायमचं बंद.
दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मीच वॉल्व्ह मिटला.
तीन हजार फेऱ्यांवरून खाली यायला
तिने चाळीस मिनिटं घेतली.
आता गरम रोटर स्थिर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने झुकतो,
म्हणून गार होईतो तीन दिवस
त्याला सावकाश फिरवत ठेवायचं असतं.
संचालक म्हणाले, भंगारात जाणाऱ्याला कसली आलीय कंबर?
फिरवणारी मोटर बंद करा.

संध्याकाळी बाप आला,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कठड्याला धरून,
हातात तो लांब दांड्याचा पाना.
कोणाशी वाद नाही.
अर्धा फेरा.
वीस मिनिटं बसायचं.
पुन्हा अर्धा फेरा.
पाळी संपवून मी रोटी घेऊन गेले,
तो डुलकी घेत होता तेवढ्यात दोन वेळा मी फिरवला.
संचालक एकदा दारापर्यंत आले. बघून गेले.

महिन्याने भंगारवाले आले.
त्यांनी कापण्याआधी मी मोजमापाचा काटा लावला:
चार शतांश मिलिमीटर.
मग गॅसच्याच ज्योतीने त्यांनी त्याचे सहा तुकडे केले.

बापाला फोन केला. सरळ होता, म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
मग विचारलं, वारा कुठला आहे आज?
उत्तरेचा.
मग तारा धुवून घ्या, म्हणाला.